टेपचं दुसरं टोक

शाळेची खोली मोजायला दोन माणसं लागतात. एक टेपवरचा आकडा वाचणारा, तो साहेब. दुसरं कोपऱ्यात उकिडवं बसून टेपचं टोक भिंतीला दाबून धरणारं, ती मी. टोकाला पितळेची कडी असते, तिथून शून्य सुरू होतं. सगळी नोकरी ते शून्य माझ्या बोटाखाली नि आकडा साहेबांच्या. "धरलंय का, मावशी?" "धरलंय, साहेब." अंबरनाथपासून बदलापूरच्या पलीकडच्या पाड्यांपर्यंत आमचं हेच बोलणं.

आमच्या उल्हासनगरच्या कॅम्पातल्या मंडळाच्या पोरांनी दिवाळी अंक काढायचं ठरवलं आणि मला म्हणाली, मावशी, तुम्ही जिन्यात उभं राहून एवढं सांगता, तेच लिहून द्या. म्हटलं देते. पण मधेच भाजी फोडणीला टाकायला उठणार, तेव्हा कुठे तुटल्यासारखं वाटलं तर सांभाळून घ्या.

शाळा माझी चौथीत सुटली. मालक गेले तेव्हा त्यांच्या जागी मला तालुक्याच्या ऑफिसात घेतलं, परिचर म्हणून. म्हणजे शिपाईच. अक्षरं गंजली होती, ती ऑफिसातच घासूनपुसून निघाली. फायलींच्या पाठीवर गावांची नावं असायची, ती वाचत वाचत. म्हणजे बघा, मी वाचायला शिकले ते शाळांच्याच नावांवर, आणि त्यातल्या निम्म्या शाळांची छपरं गळत होती. शाळांचं बांधकाम बघणाऱ्या सावंत साहेबांकडे पुढे माझी नेमणूक झाली. उंच, सडपातळ माणूस. कपाळावर कायम आठी, पण आवाज कधी चढला नाही. खाण्यापिण्यातला नव्हता, हे आधीच सांगते. कारण पुढचं वाचून तुम्ही त्याच्यावर संशय घ्याल आणि ते मला चालणार नाही.

नवी शाळा कुठे बांधायची हे ठरतं कसं? लोकांना वाटतं, मंत्री नकाशावर बोट ठेवतो. तसं नसतं हो. आधी इंजिनियर जाऊन बघतो. इमारतीला शेरा देतो: चांगली, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती, नाहीतर धोकादायक. जिची अवस्था वाईट तिचा नंबर वर. मग मुलं किती, जागा कोणाच्या नावावर, हे बघतात. अशी तालुक्याची यादी जिल्ह्याला जाते. तिथे सगळ्या तालुक्यांच्या याद्या एकत्र होतात आणि पैसे वरून खाली वाटत येतात. जिथे संपले तिथे रेघ. रेघेखालच्या शाळा राहिल्या. आता राहिल्या म्हणजे पुढच्या वर्षी त्यांचा पहिला नंबर, असं तुम्हाला वाटत असेल. ते रेशनच्या दुकानात. इथे पुढच्या वर्षी यादी नव्याने होते आणि सगळ्यांनी पुन्हा शेवटून उभं राहायचं.

पुढाऱ्यांचा निधी असतो, तो वेगळा. त्यातून काय होतं ते एका गावात बघितलं. वर्गात बादल्या मांडलेल्या, पोरं बादल्यांच्या मधून वाट काढत फळ्यापर्यंत जातायत, आणि बाहेर ही थोरली नवी कमान. साहेब सरपंचाला म्हणाले, "अहो, या कमानीच्या पैशात छप्पर झालं असतं की." सरपंच मोठा दिलखुलास माणूस. हसला. म्हणाला, "साहेब, कमानीवर नाव लिहिता येतं. स्लॅबवर लिहिलं तर वाचणार कोण? पाल?"

साहेब गाडीत येऊन बसले. मग एकटेच हसायला लागले. असलं हसणं त्यांचं मी पुढे पुष्कळ ऐकलं.

तर आता त्या वाडीचं सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले.

पालेगावच्या पलीकडे, जिथे बिल्डिंगा संपतात आणि भाताची शेतं उरलीसुरली आहेत, तिथली ती वाडी. नाव लिहीत नाही. दोन खोल्यांची शाळा, पुढे पडवी, अंगणात बोरीचं झाड. शिकवायला एकट्या गायकवाड बाई. दुसऱ्या मास्तरांची जागा रिकामी, ती रिकामीच राहिली. बाई उल्हासनगरहून दोन रिक्षा बदलून यायच्या आणि चारही इयत्ता दोन खोल्यांत फिरून फिरून शिकवायच्या. आणि हिराबाई. शाळेची खिचडी रांधणारी. शाळेला चिकटूनच तिचं घर. तिची लेक बाळंतपणात गेली, नात वैशू हिच्याकडे. वैशू तेव्हा पहिलीत. हिराबाईला अक्षर येत नव्हतं. पण वैशू पाढे म्हणायला लागली की ही चुलीपुढे बसून उलथनं हलवत ताल धरायची.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा वाडीला आठवडाभर आधी कळलं होतं की तपासणीला साहेब येणार. झालं. बायकांनी शाळा चुन्याने पांढरीशुभ्र करून टाकली. भेगांमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. अंगण शेणाने सारवलं, दारात रांगोळी, आंब्याचं तोरण. आतल्या खोलीत सिमेंटच्या तुळईच्या गिलाव्याचे पोपडे सुटून आतल्या सळ्या दिसत होत्या. त्यावर रंगीत कागदाच्या पताका अशा काही बांधल्या होत्या की वाटावं आज इथे बारसं आहे. पोरं तेल लावून, भांग पाडून ओळीत उभी. साहेबांच्या हातात नारळ, खांद्यावर शाल. माझे मालक गेलेले, तरी माझीसुद्धा ओटी भरली, खोटं नाही सांगत.

साहेबांनी विचारलं, "छप्पर गळतं का, मॅडम?"

गायकवाड बाईंनी हिराबाईकडे बघितलं. हिराबाईने पदर तोंडाशी नेला. बाई म्हणाल्या, "तसं... पावसात थोडंफार, साहेब. कुठे गळत नाही?"

आम्ही टेप धरली, मोजलं. साहेबांनी मोबाईलवर फोटो काढले. फोटो आता अॅपवर टाकावे लागतात, जागेवरूनच, त्यात तारीख-वेळ आपोआप येते. फोटोत काय आलं? पांढरी भिंत, तोरण, रांगोळी, हसरी पोरं. शेरा गेला: किरकोळ दुरुस्ती.

निघताना मी हिराबाईला बाजूला घेतलं. "अगं, ती तुळई कशाला झाकलीत?"

"मंग का कराचं?" ती म्हणाली. "पावना घरा आला न तेला गलका छप्पर दाखवाचा? तुज्या घरा मी आले त तू फाटकी चादर पसरशील का गो?"

मी तर नुकतीच तिच्या हातची तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं पोटभर खाऊन आले होते.

त्या वर्षी त्या शाळेला किरकोळ दुरुस्तीचे पैसे मिळाले. कशासाठी माहितीय? रंगासाठी.

पुढच्या पावसाळ्यात, रविवारी, त्या तुळईचा गिलावा खाली आला. पहिलीच्या पोरांच्या बसायच्या जागेवर. रविवार होता म्हणून बरं. सोमवारी बाईंनी कुलूप उघडलं तेव्हा ते दिसलं. मग त्या स्वतः ऑफिसात आल्या, पर्समध्ये वर्तमानपत्रात गुंडाळून गिलाव्याचा एक तुकडा घेऊन. साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उलटा करून बघितला. आतून गंजाने लाल.

साहेब म्हणाले, "मॅडम, मला जे दिसतं ते मी लिहितो. मला दिसू द्या."

बाई म्हणाल्या, "सर, मी सांगेन. पण वाडीतल्या बायका ऐकतील असं वाटत नाही."

बाईंनी वाडीत बैठक घेतली. काय झालं ते मला नंतर हिराबाईनेच हसून हसून सांगितलं. ठरलं की यंदा झाडायचं नाही, सारवायचं नाही, पताका-बिताका काही नाही. सगळ्या हो म्हणाल्या. आणि तपासणीच्या सकाळी एकेक करून सगळ्या शाळेच्या आसपास घुटमळत होत्या, हात शिवशिवतायत म्हणून. शेवटी हिराबाईनेच तोडगा काढला. शाळेच्या फाटकाच्या आत हात लावला नाही. पण फाटकाबाहेरचा रस्ता झाडून, पाणी मारून, त्यावर ही मोठी कमळाची रांगोळी काढली. म्हणाली, "फाटकाचे भाएर आमची वारी. थय आमचा राज." वारी म्हणजे वाडी, थय म्हणजे तिथे; त्यांच्या बोलीत ड चा र होतो.

साहेब रांगोळीला वळसा घालून आत गेले. वर बघितलं. बांबूने तुळईला हळूच टोचलं तर मूठभर गिलावा माझ्या डोक्यावर. सळी बोटाने खरवडली तर पापडासारखे पदर निघाले. मी कोपऱ्यात टेप धरून बसले होते आणि खरं सांगते, पहिल्यांदाच वाटलं की लवकर मोजा नि चला बाहेर.

बाहेर सगळी वाडी जमली होती. साहेबांनी रुमालाने हात पुसले आणि म्हणाले, "धोकादायक आहे. तसंच लिहावं लागेल."

"का बोलले, का बोलले?" मागून कोणीतरी.

"धोकादायक बोलले!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो. धोकादायक म्हटल्यावर टाळ्या. पोरं नाचायला लागली. एक म्हातारा साहेबांच्या पायाच पडायला वाकला. हिराबाईने घरातून पेढे आणले. तिची तयारी आधीपासून होती. वैशूच्या हातून पहिला पेढा साहेबांना.

साहेब हात वर करून सांगत होते, "ऐका, ऐका. धोकादायक म्हणजे उद्यापासून इथे मुलं बसवता येणार नाहीत. इमारतीचं निर्लेखन होईल." निर्लेखन म्हणजे सरकारी कागदावरून ती इमारत काढून टाकणं, मग ती पाडायची परवानगी येते. "आधी पाडावी लागेल. मग नवीनचा प्रस्ताव."

"पारा की, सायेब!" हिराबाई म्हणाली. "नवीन होनार ना?"

"प्रस्ताव पाठवतो."

"मंग पारा!"

आम्ही गाडीत बसलो. पेढा साहेबांच्या हातातच होता. तो हळूहळू बोटांना लागला तरी त्यांनी खाल्ला नाही आणि टाकलाही नाही.

शाळा पाडली. पडवीची कौलं, लाकूड लिलावात गेलं. बोरीचं झाड यंत्राच्या वाटेत आलं म्हणून तेही गेलं. वर्ग भरायला लागले समाजमंदिरात. आता समाजमंदिर म्हणजे काय, एक मोठा पत्र्याचा हॉल. लग्नसराईत हळद असली की शाळेला सुट्टी. आदल्या रात्री कार्यक्रम झाला की सकाळी गायकवाड बाई पत्रावळ्या गोळा करणार, मग फळा टांगणार. डीजेच्या डब्यांमागे पोरं अभ्यासाला बसलेली मी बघितली आहेत. तरी बाई म्हणायच्या, "एक वर्ष काढायचंय, मावशी. एकच."

यादी झाली. सावंत साहेबांनी त्या शाळेचं नाव सगळ्यात वर घातलं होतं. जिल्ह्याच्या बैठकीला गेले, संध्याकाळी परत आले. मी पाण्याचा ग्लास ठेवला. म्हणाले, "मावशी, खाली गेली."

"का हो? धोकादायक होती ना?"

"होती. आता इमारतच नाही, तर धोका कोणाला? पहिल्यांदा ज्या पडक्या शाळेत मुलं बसतायत, त्यांना पैसे. बरोबरच आहे ते. आपल्याकडे पर्यायी सोय आहे, समाजमंदिर."

मी म्हटलं, "त्याला सोय म्हणतात?"

ते ग्लासाकडे बघत म्हणाले, "कागदावर म्हणतात. आणि मावशी, मी वरच्या खुर्चीत असतो ना, तर मीही तेच केलं असतं. दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेचे फोटो दाखवले आज. पोरं बसलीयेत आणि वरून आभाळ दिसतंय. त्यांचं काढून आपल्याला द्या, असं कुठल्या तोंडाने म्हणू?"

इथेच गोची आहे, बघा. चोर सापडला असता तर चार शिव्या देऊन मन मोकळं झालं असतं. मी खूप शोधला. बायकांनी अंगण सारवलं ते चूक? साहेबांनी खरं लिहिलं ते चूक? की ज्यांच्या डोक्यावर आभाळ होतं त्या पोरांना आधी दिलं, ते चूक? माझी शेजारीण लछमी आंटी पापड लाटते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मौसी, सरकारी काम है, पापड थोडी है जो एक दिन की धूप में सूख जाए." मी म्हटलं, आंटी, पापड निदान वाळतात तरी. आम्ही वाळवण घालतो आणि तेवढ्यात ढग येतो, दर वर्षी.

दुसऱ्या वर्षीही नाव वर घातलं. तोवर वाडीच्या भोवती बिल्डिंगा आल्या होत्या. पिवळ्या गाड्या दारापर्यंत यायला लागल्या, इंग्लिश मीडियमच्या. ज्यांना थोडंफार जमत होतं त्यांनी पोरं तिकडे घातली. हॉलमध्ये पत्रावळ्यांच्या शेजारी कोण बसवेल? त्यांना मी काय बोलणार, माझा नातूसुद्धा तसल्याच गाडीने जातो. वाडीच्या शाळेत उरली ती ज्यांना कुठेच जाता येत नव्हतं ती. यावेळी वरून उत्तर आलं ते दोन ओळींचं. पटसंख्या कमी, नवीन इमारत आवश्यक नाही, विद्यार्थ्यांचे जवळच्या शाळेत समायोजन करावे.

समायोजन. कसा गुळगुळीत शब्द आहे. जवळची शाळा म्हणजे मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, जिथून दिवसभर बांधकामाचे डंपर जातात.

गायकवाड बाईंची बदली झाली. जायच्या दिवशी ऑफिसात आल्या, कागदावर सही केली, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मावशी, मी छप्पर थोडंफारच गळतं म्हणाले होते ना त्या दिवशी. पाहुण्यांसमोर." मी म्हटलं, "बाई, सगळ्यांनीच तसं म्हटलं असतं." त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजपर्यंत कळलं नाही.

माझी निवृत्ती जवळ आली तेव्हा शेवटची फेरी त्या वाडीचीच निघाली. शाळेची जागा मोकळी पडलीय, ती मोजून कळवा, असा वरून निरोप. पुढे तिचं काय करणार होते ते आम्हाला सांगितलं नव्हतं. विचारायची पद्धतही नाही. साहेबांचे केस पांढरे झाले होते. वाडीकडे वळल्यावर म्हणाले, "मावशी, कोणाला कळवलं नाही ना आपण येतोय म्हणून?"

"नाही, साहेब."

पण वाडीला कळलं होतं. तलाठ्याकडून असेल, कोण जाणे. फाटक उरलं नव्हतं, नुसते दोन खांब. आत गेलो तर अख्खी मोकळी जागा झाडून लख्ख. गवत काढलेलं, पाणी मारलेलं. आणि जिथे पूर्वी वर्गाचं दार होतं, बरोब्बर त्या जागी, रांगोळी. भिंत नाही, उंबरा नाही, नुसती जमीन, आणि त्यावर कमळ.

हिराबाई तिच्या घराच्या ओट्यावर उभी होती. खिचडीचं काम गेल्यापासून ती बिल्डिंगीत भांडी घासायला जायची. बारीक झाली होती. साहेबांना हात जोडले.

मी विचारलं, "वैशू कुठाय?"

"घरान हाय." तिने आत मान वळवली. "डंपर येतान गो बाय. धाडू कशी? रोज मी कामाला जाव का तिला रस्ता पार करून देव?" मग म्हणाली, "लाद्या पुसाला येते माजे संगं. हुशार हाय. सगल्या बिल्डिंगीची नावा वाचते."

मला माझ्या फायली आठवल्या.

साहेब पुढे झाले, पण रांगोळीपाशी अडखळले. जागा दोन्ही बाजूंनी मोजायची तर टेप नेमकी तिथूनच जाणार होती. ते म्हणाले, "बाई, कशाला काढलीत? आता इथे काही नाहीये."

"तुमी आलात ना," हिराबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मी नीट ऐकलं. "सायेब, आता का ल्हिनार? धोकादायक तं नाय ना?"

साहेबांनी मोबाईल काढला, फोटो घ्यायला वर धरला आणि तसाच खाली घेतला. अॅपमध्ये शेरा टाकायचा असतो. त्यांचा अंगठा तिथेच थांबला होता. मग म्हणाले, "नाही. आता धोका नाही."

"मंग बरा," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

साहेबांनी टेप काढली. मी कडी घेऊन खांबाशी गेले, उकिडवी बसले. गुडघे बोलतात आता. टेप रांगोळीवरून न्यायचा धीर मला झाला नाही, म्हणून मी हात जरासा वर धरला. टेप कमळावरून अधांतरी गेली. असं मोजलं तर माप चुकतं, हे साहेबांना माझ्याहून चांगलं ठाऊक. त्यांनी बघितलं. पलीकडच्या टोकाला, ऊन डोळ्यांवर घेऊन ते बराच वेळ आकडा वाचत राहिले.

"धरलंय का, मावशी?"

"धरलंय, साहेब."

आतून वैशूचा आवाज येत होता, आजीला विचारत होती, कोण आलंय. हिराबाई म्हणाली, "शालेची मानसा."